वेशीवरचा वीर: एका दगडाची कुळकथा

ऑगस्ट २०२३मध्ये देशभरातल्या ग्रामपंचायतींच्या आवारात, शाळांपुढे आणि तळ्यांच्या काठी एकाच धाटणीचे फलक उभे राहिले. ‘मेरी माटी मेरा देश’ या मोहिमेने त्यांना ‘शिलाफलकम्’ असे नाव दिले होते. देशासाठी प्राण दिलेले सैनिक, निमलष्करी दलांतले जवान, पोलीस आणि स्वातंत्र्यसैनिक यांची नावे त्यांच्या गावातच दगडावर कोरलेली असावीत, असा त्यामागचा विचार. पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू या पट्ट्यात राहणाऱ्यांनी या फलकाकडे थोडे थांबून पाहावे. सरकारी आदेशाने आलेली ही वस्तू दिसायला नवी असली तरी तिचे कुळ हजार वर्षांहून जुने आहे. त्या कुळातल्या प्रत्येक पिढीने काही कमावले आणि काही गमावले. आज आपण काय गमावून बसलो आहोत, हे समजण्यासाठी ही वंशावळ वाचायला हवी.

या कुळाचा मूळपुरुष म्हणजे वीरगळ. कानडी मुलखातून नावासकट आलेला हा दगड महाराष्ट्रात घाटावर आणि कोकणात जागोजागी दिसतो. गावाच्या वेशीवर, शिवमंदिराच्या आवारात, तळ्याच्या काठावर तो उभा असतो किंवा आडवा पडलेला असतो. कित्येक ठिकाणी लोक त्याला शेंदूर लावतात, नारळ फोडतात आणि गावदेव समजून पुजतात.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला दिसतो किंवा लढताना दिसतो. हातात ढाल-तलवार, समोर शत्रू, कधी घोडा, कधी हत्ती. पायाशी गाई कोरल्या असतील तर समजावे, गावाची गुरे पळवून नेणाऱ्यांशी लढताना हा माणूस गेला. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. त्याच्या वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. शेंड्याला कलश आणि त्याच्या दोन बाजूंना चंद्र-सूर्य. आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर ही आठवण राहील, एवढा त्याचा सरळ अर्थ. शेजारी काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल, तर ती सतीशिळा.

या रचनेत तीन गोष्टी सांगितल्या जातात: माणूस कसा मेला, मेल्यावर त्याचे काय झाले आणि त्याला किती काळ आठवायचे. चौथी गोष्ट बहुतेक वेळा नसते. ती म्हणजे त्याचे नाव. कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख आहेत. त्यात वीराचे नाव, राजाचे नाव, कधी त्याच्या घराला दिलेल्या जमिनीचा उल्लेखही सापडतो. महाराष्ट्रातले बहुसंख्य वीरगळ मात्र अक्षराविना आहेत.

उत्तर कोकणातले सर्वांत भव्य वीरगळ बोरिवलीजवळच्या एक्सर गावात आहेत. आज ते मुंबईच्या उपनगरात मोडतात, पण १८८२च्या गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद ठाणे जिल्ह्यातली म्हणून झाली. आजचा पालघर जिल्हाही तेव्हा त्याच ठाण्याचा भाग होता. गॅझेटियर सहा दगडांबद्दल बोलते. त्यांतल्या काहींवर हत्तींसह जमिनीवरची लढाई आहे आणि काहींवर चक्क समुद्रावरची. उंच नाळेची, डोलकाठी असलेली जहाजे, ओळीने बसलेले वल्हेकरी आणि वर सज्ज उभे योद्धे. भारतात आरमारी लढाई इतक्या तपशिलाने कोरलेले दगड फार थोडे.

अभ्यासक या दगडांचा संबंध उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्याच्या अंताशी जोडतात. ठाण्याहून राज्य करणारा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर देवगिरीच्या महादेव यादवापुढे टिकला नाही. यादवांकडे हत्तींचे बळ होते, म्हणून तो जमीन सोडून जहाजांवर गेला. यादवांनी समुद्रातही त्याचा पाठलाग केला आणि १२६५च्या सुमारास तो समुद्रातच संपला. महादेवाचा मंत्री हेमाद्री याने लिहून ठेवले आहे की महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल बरा वाटला. राजाचे नाव आपल्याला ग्रंथातून कळते. वल्ह्यावर बसलेल्यांची नावे कुठेच नाहीत. पण त्यांची बसण्याची ओळ, हातातली वल्ही आणि पुढे झुकलेली शरीरे दगडावर आहेत. सातशे वर्षांपूर्वी एक्सरच्या पाथरवटाने साध्या खलाशाला जी जागा दिली, ती पुढच्या कितीतरी स्मारकांना देता आलेली नाही.

नावे कोरली गेली नाहीत याचे कारण लिहिता येत नव्हते, असे मानणे चूक ठरेल. तारापूरला खेटून असलेल्या चिंचणीत विसाव्या शतकात ताम्रपट सापडले. त्यांतला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८ म्हणजे इसवी सन ९२६चा. त्या वेळी संजाणच्या मंडळावर राष्ट्रकूटांच्या वतीने अरब वंशाचा अधिकारी कारभार पाहत होता. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे येते आणि एका मठाच्या खर्चासाठी दिलेल्या जमिनीचा तपशील येतो. अकराव्या शतकातल्या एका पटात त्याच मठाला तेलाचा घाणा दिल्याची नोंद आहे. मठातल्या दिव्याला तेल मिळावे आणि तिथे येणाऱ्या विद्वानांच्या पायांना तेल लावता यावे, म्हणून.

दिव्याच्या तेलाची नोंद तांब्यावर करणारा हा किनारा लिहिण्यात मागे नव्हता. पण ताम्रपट मालकीसाठी असे. उद्या कुणी वाद घातला तर पुरावा हवा, म्हणून त्यात नाव, सीमा आणि तिथी. वीरगळ गावासाठी असे. गावाला वीराचे नाव ठाऊकच होते. त्याची आई, भाऊ आणि मुले त्याच गावात राहत होती. दगड चित्रात बोलायचा, कारण तो शेतकऱ्याला, गुराख्याला, कोळ्याला, सगळ्यांना वाचता यायला हवा होता. नाव माणसांच्या तोंडी राहील आणि घडलेली गोष्ट दगडावर राहील, अशी ही वाटणी होती. पिढ्या उलटल्या, वस्त्या हलल्या, तेव्हा तोंडचे नाव गळून पडले आणि दगडावरची गोष्ट तेवढी उरली.

घराच्या आत मात्र ही आठवण वेगळ्या वाटेने चालत राहिली. महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांच्या देवघरात कुलदेवतेच्या टाकांशेजारी वीराचा टाक असतो. घरातला कुणी पूर्वज लढाईत गेला, त्याची ती खूण. नाशिकला धुळवडीला असे वीर मिरवत गोदावरीवर नेण्याची प्रथा आजही आहे. जव्हार-मोखाडा आणि त्यापलीकडच्या सुरगाणा-पेठच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी समाजांत मृतांसाठी कोरीव लाकूड किंवा दगड उभा करण्याची रीत आहे. त्यावरही घोडेस्वार आणि चंद्र-सूर्य दिसतात. वीरगळाची चित्रभाषा राजघराण्यांबरोबर संपली नाही, लोकांनी ती सांभाळली.

पुढची पिढी पाहायला तारापूरच्या किल्ल्याशी जावे लागते. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत जानेवारी १७३९मध्ये मराठ्यांनी माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी पोर्तुगीजांची ठाणी एकामागून एक घेतली. तारापूरला सुरुंग लावून तट फोडावा लागला आणि आत हातघाईची लढाई झाली. बाजी भिवराव रेठरेकर हा पेशव्यांच्या विश्वासातला सरदार तिथेच पडला. मे महिन्यात वसई शरण आली. त्या वेढ्यात मराठ्यांचे ठार आणि जखमी मिळून पाच हजारांहून अधिक झाले, असा आकडा इतिहासकार ग्रँट डफने दिला आहे.

त्यांतल्या मेलेल्यांसाठी वीरगळ उभे राहिले नाहीत. तोवर आठवणीची जागा दगडाकडून कागदाकडे गेली होती. मोहिमेची हकीकत पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत आहे आणि त्यात सरदारांची नावे येतात. विजयाची खूण म्हणून वज्रेश्वरीचे देऊळ बांधले गेले. समोरच्या बाजूला पोर्तुगीजांच्या वसईत आजही चर्चच्या पडक्या भिंतींआड लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा दिसतात. त्यावर नावे आहेत, पण ती प्रतिष्ठितांची. दोन्हीकडच्या साध्या शिपायाला दगड मिळाला नाही.

मराठी राज्याने मेलेल्या शिपायासाठी वेगळी सोय केली होती. तिचे नाव बालपरवेशी. लढाईत कामी आलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोटासाठी सरकारातून नेमणूक बांधून दिली जाई. कर्नाटकातल्या वीरगळांवर कोरलेली जमिनीची देणगी आणि पेशवे दफ्तरातली बालपरवेशी हे एकाच विचाराचे दोन अवतार आहेत: गेलेल्याची आठवण म्हणजे मागे राहिलेल्यांची जबाबदारी. या कुळकथेतला हा धागा मला सर्वांत मोलाचा वाटतो. आज निवृत्तिवेतन आहे, ७ डिसेंबरचा ध्वजदिन निधी आहे, हुतात्मा जवानांच्या पत्नींसाठी एसटीचा मोफत प्रवास देणारी २०१८ची योजना आहे. हे सारे त्याच बालपरवेशीचे वंशज.

महाराष्ट्रात साध्या शिपायाचे नाव दगडावर यायला १८२१ उजाडावे लागले. १ जानेवारी १८१८ला भीमा नदीकाठी कोरेगावात कंपनीची तुकडी पेशव्यांच्या फौजेशी लढली. त्या जागेवर १८२१मध्ये स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर इंग्रजी आणि मराठीत मजकूर आहे आणि पडलेल्या शिपायांची नावे आहेत. त्यांतल्या अनेक नावांच्या शेवटी ‘नाक’ येते, ती महार शिपायांची नावे. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते, त्यांचे नाव राज्यकर्त्यांनी दगडावर कोरले. १९२७च्या १ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, तेव्हा त्या नावांना पूर्वजांचा मान मिळाला. दगडावर नाव असले की शंभर वर्षांनंतरही कुणी येऊन त्याच्याशी आपले नाते जोडू शकते, हे कोरेगावने दाखवले. मात्र चित्र गेले. कोण कसा लढला, हे तो स्तंभ सांगत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर दगडाचे आणखी एक रूप आले. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत, विशेषतः सातारा-रत्नागिरीच्या बाजूला, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेले आणि त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर. गावाचे नाव आहे आणि आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत.

हीच गोष्ट समुद्रापार मोठ्या प्रमाणावर घडली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी लढल्या. कुटच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या आणि एप्रिल १९१६च्या शरणागतीनंतर कैदेत गेल्या. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचे स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर ब्रिटिशांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली, पण साध्या हिंदी शिपायांचा प्रत्येक पलटणीखाली फक्त आकडा दिला गेला. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१मध्ये एका अहवालातून हा भेदभाव जाहीरपणे मान्य केला. निदान एक लाख सोळा हजार माणसांची नावे कुठेच कोरली गेली नाहीत, किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, असे त्या अहवालात आहे. त्यांत आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले लोक मोठ्या संख्येने होते, तसेच हिंदी लोकही होते. मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशी निवासात मात्र त्या युद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे जपलेली आहेत. किनाऱ्यावरच्या माणसांना ती जागा माहीत असायला हवी.

पालघरच्या मातीत या कुळाला नवी पालवी फुटली ती १४ ऑगस्ट १९४२ला. ‘चले जाव’चा ठराव होऊन आठवडाही झाला नव्हता. आजूबाजूच्या गावांतून लोक मोर्चाने पालघरच्या कचेरीवर चालून आले आणि पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण पडले: सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि बोईसरजवळच्या सालवडचे सुकुर गोविंद मोरे. पालघर शहराच्या मध्यभागी त्यांचा हुतात्मा स्तंभ आहे आणि त्या जागेला हुतात्मा चौक म्हणतात. दरवर्षी १४ ऑगस्टला दुकाने बंद ठेवून लोक तिथे जमतात. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पालघर आधी आपल्या पाच माणसांना नमस्कार करते.

हे पाच जण पगारी सैनिक नव्हते. पण स्मारकाच्या इतिहासात त्यांचे स्थान सैनिकांच्या बरोबरीचे आहे, कारण इथे दगड पुन्हा लोकांच्या ताब्यात आला. त्यांची आठवण नाव आणि गाव यांची जोडी करून सांगितली जाते. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९४५मध्ये, तलवाड्याला सावकार-जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. तिथेही पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड. त्या हुतात्म्यांचे स्मरण आदिवासी संघटना आजही करतात. समुद्रकाठच्या गावांनी आणि डोंगरातल्या पाड्यांनी तीन वर्षांच्या अंतराने तीच गोष्ट केली: आपल्या मेलेल्यांची नावे दुसऱ्या कुणाच्या यादीवर सोडली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्राचा दगड दिल्लीत उभा राहिला. १९७१च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ला, इंडिया गेटखाली अमर जवान ज्योत पेटली. २५ फेब्रुवारी २०१९ला राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन झाले. चक्रव्यूहासारख्या वर्तुळाकार रचनेत त्यागचक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत. जात, धर्म, हुद्दा यांवरून दगडाच्या आकारात फरक नाही. बसऱ्याला जे घडले ते इथे घडू दिले नाही, ही मोठी कमाई. स्मारकात वीरता चक्रही आहे. तिथे काही निवडक लढायांची कांस्य भित्तिशिल्पे आहेत, म्हणजे वीरगळाची खालची चौकट परत आली. पण ती मोजक्या लढायांसाठी आणि दिल्लीत.

गावाला दगड परत मिळाला तो २०२३च्या शिलाफलकाने. वेशीवरून निघालेली ही वस्तू राजधान्या फिरून पुन्हा ग्रामपंचायतीच्या अंगणात आली. नाव आहे, गाव आहे. गोष्ट मात्र अजून नाही. हा माणूस कुठल्या बर्फात, कुठल्या वाळवंटात, कुठल्या जहाजावर गेला? तेव्हा त्याचे वय काय होते? तो कुणाला वाचवत होता? फलकासमोर उभ्या असलेल्या शाळकरी मुलाला यातले काहीच कळत नाही. वीरगळापुढे उभ्या राहिलेल्या अडाणी गुराख्याला मात्र ते कळत होते.

पालघरपुढे आणखी एक खास अडचण आहे. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला जन्मला. त्याआधी गेलेल्या इथल्या प्रत्येक सैनिकाच्या कागदावर ठाणे जिल्हा लिहिलेला असणार. त्याहून मागे गेलात तर आजचा पालघर तालुका ‘माहीम’ म्हणून ओळखला जाई आणि जव्हार हे मुकणे घराण्याचे वेगळे संस्थान होते. महायुद्धातल्या माणसाचा शोध घ्यायचा तर ‘पालघर’ शोधून काही हाती लागणार नाही. माहीम, डहाणू, वसई, वाडा, जव्हार आणि गावांच्या इंग्रजी काळातल्या लेखनरूपांनी शोध घ्यावा लागेल. युद्धकबर आयोगाच्या नोंदींत पुष्कळदा बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. तिथून सुरुवात करता येते.

बोईसर-तारापूरची गुंतागुंत त्याहून निराळी. १९६९ला तारापूरची अणुभट्टी सुरू झाली, औद्योगिक वसाहत वाढली आणि देशभरातली कुटुंबे इथे येऊन वसली. आज बोईसरमधून सैन्यात गेलेल्या मुलाच्या घरी मूळ गाव म्हणून जळगाव, सांगली, बिहार किंवा उत्तर प्रदेश सांगतात. त्याचा दगड कुठल्या वेशीवर उभा करायचा? दुसरीकडे अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे अणुप्रकल्पाच्या विस्तारासाठी उठवून दुसरीकडे वसवली गेली. गावच हलले तर वेशीवरची आठवण आपोआप हलत नाही, ती कुणीतरी उचलून न्यावी लागते. मला वाटते, दोन्हीकडे उत्तर एकच आहे: माणूस जिथे वाढला आणि जिथे त्याचे लोक आज राहतात, त्या दोन्ही ठिकाणी त्याचे नाव असावे. वीर दोन गावांचा असेल, तर दोन दगड असण्यात काही बिघडत नाही.

म्हणून पालघर जिल्ह्याने गावनिहाय वीरनोंद करावी. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिलाफलकावरच्या प्रत्येक नावासाठी एक पानभर हकीकत लिहून घ्यावी: जन्म, घर, पलटण किंवा जहाज, मरणाची जागा, प्रसंग आणि मागे राहिलेली माणसे. ती त्याच्या बरोबरच्या जवानांकडून, भावंडांकडून, शिक्षकांकडून मिळेल, पण ही माणसे हयात आहेत तोवरच. तिची प्रत शाळेत, वाचनालयात आणि तालुक्याच्या कचेरीत ठेवावी. ज्यांना दगडावर जागा मिळाली नाही, त्यांचा शोध त्याच नोंदीतून सुरू व्हावा. आणि १४ ऑगस्टला हुतात्मा चौकात जमणाऱ्या लोकांपुढे दरवर्षी एका गावाची नोंद मोठ्याने वाचावी.

याच नोंदीत शेवटी एक ओळ अशी असावी, जिच्याकडे कारभाऱ्यांनी दरवर्षी पाहिलेच पाहिजे: या घराला जे मिळायला हवे होते ते मिळाले का? निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी. कर्नाटकातल्या वीरगळांवर जमीन कोरणाऱ्यांना आणि बालपरवेशी लिहिणाऱ्या कारकुनाला हा प्रश्न कळला होता. नाव, गोष्ट आणि घराची काळजी या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतील, तिथेच गावाने आपल्या वीराचे ऋण मानले असे म्हणता येईल. आपल्याकडे आज नाव आहे. उरलेल्या दोन गोष्टी मिळवायला फार पैसा लागत नाही. प्रत्येक गावात वही घेऊन त्या घराच्या ओटीवर बसणारी दोन-चार माणसे लागतात.